मधल्या पानाचे चौऱ्याहत्तर तास

शेवट आधीच सांगतो. साळ गावातल्या आमच्या नाट्यमंडळाला पंचाहत्तर वर्षं झाली, त्याची स्मरणिका निघाली. हजार प्रती, चौसष्ट पानं, १३० जीएसएमचा आर्ट पेपर. पान ३२-३३ वर, म्हणजे पिना मारतात त्या मधल्या जोडपानावर, मंडळाचा १९५० सालचा फोटो होता. फोटोत बावीस माणसं. छापलेल्या प्रतीत त्यांतला एकही चेहरा ओळखू येत नाही. मूळ फोटोत आता नऊच चेहरे उरले आहेत.

स्मरणिकेचा संपादक मी होतो. खालच्या वेळा व्हॉट्सॲपवरून, फोनच्या नोंदींवरून आणि माझ्या वहीतून घेतल्या आहेत.

बुधवार, दुपारी ४:२०

प्रकाशन शनिवारी संध्याकाळी साडेसहाला. ७४ तास बाकी.

मी आणि माझा पुतण्या मंडळाच्या खोलीत आलो. फोटो भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत. मूळ प्रत आठ इंच रुंद, सहा इंच उंच. मागे नऊ जण उभे, मध्ये आठ जण खुर्च्यांवर, पुढे पाच पोरं जमिनीवर मांडी घालून. खुर्च्यांच्या रांगेत डावीकडून चौथे माझे आजोबा. लुगडं, नथ, अंबाडा. ते स्त्रीपार्टी होते, आणि त्या वेषातला त्यांचा हा एकच फोटो.

भिंतीपुढे पडद्यांच्या आणि कपड्यांच्या पेट्या रचलेल्या होत्या. पुतण्याने विचारलं, "काका, खाली काढू?"

"नको. काच फुटेल. असाच घे."

त्याने दारात उभं राहून फोनवर फोटो काढला. ४००० बाय ३००० पिक्सेल. त्यात भिंत आली, चौकट आली, पेट्यांची टोकं आली. प्रत्यक्ष फोटोच्या वाट्याला रुंदीत २००० पिक्सेल आले. पेट्या हलवायला दहा मिनिटं लागली असती.

इथे २०१९ ची एक गोष्ट सांगायला हवी. त्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबत नव्हता. तिळारी धरणातून पाणी सोडलं, शापोरा फुगली आणि काठावरच्या गावांत पाणी शिरलं. आमच्या डिचोली तालुक्यातलं साळ त्यातच, पलीकडे पेडण्यातली गावंही त्यातच. मंडळाच्या खोलीत पाणी आलं तेव्हा चौकट खाली बाकावर होती. फोटोचा खालचा दोन तृतीयांश भाग भिजला. पाणी ओसरल्यावर कोणीतरी चौकट पुसून पुन्हा भिंतीला लावली. जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, चित्र त्या थरात असतं. जिलेटिन भिजलं की मऊ पडतं आणि वाळताना जे टेकलेलं असेल त्याला धरून बसतं. समोर काच होती. चार वर्षं तो फोटो काचेला चिकटून होता आणि भिंतीवर अगदी व्यवस्थित दिसत होता.

बुधवार, दुपारी ४:३१

पुतण्याने फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला. साधा, फोटो म्हणून. डॉक्युमेंट म्हणून पाठवला असता तर होता तसा आला असता. माझ्याकडे आला तो १६०० बाय १२०० पिक्सेलचा. चार एमबीचे दोनशे केबी झाले. मूळ फोटोचा भाग आता ८०० पिक्सेल रुंद.

आठ इंचांत आठशे. एका चेहऱ्याची उंची मूळ फोटोत सात मिलिमीटर, म्हणजे त्याच्या वाट्याला २७ पिक्सेल. रुंदीत वीस. डोळ्याला चार. जेपेग फाईल आकार कमी करताना चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडते आणि एकेका चौकोनातला बारकावा सपाट करत जाते. आजोबांचा डोळा अर्ध्या चौकोनाएवढा होता.

फोनच्या पडद्यावर फोटो स्वच्छ दिसला. मी लिहिलं, "मस्त."

बुधवार, रात्री ९:०५

पुतण्याच्या फोनची जागा भरली होती. त्याने विचारलं, "काका, फोटो मिळाला ना?"

"मिळाला."

त्याने गॅलरी साफ केली. कचरापेटीही रिकामी केली, कारण त्याशिवाय जागा मोकळी होत नव्हती.

गुरुवार, सकाळी १०:४०

डीटीपी करणाऱ्या मुलाचा फोन. त्याने फोटो जोडपानावर टाकून पाहिला होता. ए-फोरची दोन पानं, रुंदी ४२० मिलिमीटर, म्हणजे साडेसोळा इंच. आठशे पिक्सेल साडेसोळा इंचांवर ताणले की इंचाला ४८ येतात. त्याच्या तपासणीत २०० च्या खाली आलं की लाल ठिपका उमटतो. उमटला होता.

"मास्तर, ह्याची मूळ फाईल आहे? नसेल तर फोटोच आणून द्या, इथे स्कॅन करतो. सहाशेवर करावा लागेल."

मी मांडवाच्या कामात होतो. म्हटलं, बघतो.

त्याचा हिशेब बरोबर होता. ऑफसेटच्या छपाईत चित्र ठिपक्यांच्या जाळीतून उमटतं. आर्ट पेपरवर इंचाला दीडशे ओळींची जाळी नेहमीची, आणि तिला पुरेसा तपशील मिळायला इंचाला दुप्पट, तीनशे पिक्सेल असावेत असा संकेत. दोनशेपर्यंत चालतं. साडेसोळा इंचांना तीनशेने गुणलं की साधारण पाच हजार पिक्सेल होतात. मूळ फोटो आठ इंच रुंद. आठ इंचांतून पाच हजार पिक्सेल काढायचे तर इंचाला सहाशे हवेत. हे गणित चौथीतलं पोर करील. मी ते शुक्रवारी रात्री केलं.

पूर्वी स्मरणिकेत फोटो छापायचा म्हणजे ब्लॉक करायला लागायचा. त्यासाठी फोटो स्वतः घेऊन ब्लॉकमेकरकडे जायचं. तो फोटो हातात घेऊन उजेडाकडे धरायचा आणि सांगायचा, हा येईल, हा येणार नाही. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. लोणावळ्याला त्यांचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना होता, आणि रंगीत छपाईचं तंत्र शिकायला ते १९०९ मध्ये जर्मनीला गेले होते. त्या काळात चित्राचा खराखुरा कागद माणसाच्या डोळ्यांखालून जायचाच. आमचा फोटो गुरुवारपर्यंत भिंतीवरून हललाही नव्हता.

गुरुवार, दुपारी १:१५

जेवून संगणकावर बसलो. फाईल उघडून आकाराची खिडकी काढली. रुंदी ५६.४४ सेंटिमीटर, उंची ४२.३३, रिझोल्यूशन ७२.

मला ४२ सेंटिमीटर हवे होते. इथे छप्पन्न दिसत होते. डीटीपीवाल्या मुलाचा काहीतरी गैरसमज झालाय अशी माझी खात्री झाली.

ते छप्पन्न सेंटिमीटर कुठेच अस्तित्वात नव्हते. १६०० पिक्सेल इंचाला ७२ च्या हिशेबाने मांडले तर बावीस इंच होतात, एवढाच त्याचा अर्थ. तेच पिक्सेल इंचाला दहाच्या हिशेबाने मांडले असते तर खिडकीत चार मीटर दिसले असते. खरा आकडा फक्त १६०० होता. तो खिडकीत सगळ्यांत वर होता आणि मी तो वाचला नाही.

गुरुवार, दुपारी १:५०

तरी तीनशे हवेत म्हणतात तर तीनशे देऊ, असं ठरवलं. ७२ च्या जागी ३०० टाइप केलं. शेजारी 'रिसॅम्पल'ची खूण आधीपासून होती. ती काढली असती तर रुंदी लगेच साडेतेरा सेंटिमीटरवर आली असती आणि मला सगळं कळलं असतं.

खूण राहिली. संगणकाने १६०० चे ६६६७ पिक्सेल केले. एकोणीस लाख पिक्सेलांचे तीन कोटी तेहतीस लाख झाले. शंभरातले चौऱ्याण्णव पिक्सेल शेजाऱ्यांच्या सरासरीवरून भरलेले. फोटोत जे नव्हतं ते त्यांत कुठून येणार? फाईल ९५ एमबीची झाली. एवढी मोठी फाईल पाहून मला समाधान वाटलं.

गुरुवार, दुपारी २:४०

नवी फाईल प्रेसमध्ये पोचली. आता फोटोचा भाग ३३३३ पिक्सेल रुंद होता. साडेसोळा इंचांवर इंचाला २०१.

मर्यादा २०० ची होती. लाल ठिपका गेला.

गुरुवार, रात्री ९:३०

पूर्ण अंकाची पीडीएफ आली. खाली त्या मुलाचा निरोप: "मधलं पान १०० टक्क्यांवर बघा. जमलं तर एक प्रिंट काढून बघा."

मी वीज गेल्यामुळे फोनवर पाहत होतो. ४२ सेंटिमीटरचं जोडपान हाताच्या पंजाएवढ्या पडद्यावर. एवढा लहान झाला की कुठलाही फोटो छान दिसतो. मी बावीस नावं तपासली. दोन आडनावांतले ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून घेतले. नावांवर मी पाऊण तास घालवला. चेहऱ्यांवर मिनिटभरही नाही.

गुरुवार, रात्री ११:४२

अंगठा पाठवला. खाली लिहिलं, "छापा."

शुक्रवार, सकाळी ११:००

प्लेटा निघाल्या. आठ पानांचा एक फॉर्म, असे आठ फॉर्म. मधलं जोडपान शेवटच्या फॉर्मात. सात फॉर्म संध्याकाळपर्यंत छापून झाले.

शुक्रवार, संध्याकाळी ७:५०

मशीनमनचा फोन आला. तीस वर्षं मशीनवर काढलेला माणूस. फाईल त्याने पाहिली नव्हती, पहिले चार-पाच ताव पाहिले होते.

"मास्तर, मधलं पान धुरकट येतंय. शाईचं नाही, फोटोचंच आहे. दुसरा फोटो असेल तर दहापर्यंत द्या. प्लेट बदलून घेऊ. दहानंतर मला लावायलाच लागेल, उद्या सकाळी घडी आणि पिना आहेत."

त्याने तावाचा फोटो पाठवला. तो मोठा करून पाहिला. आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी करड्या रंगाचा एक डाग होता, आणि नथीच्या जागी त्याहून फिका डाग.

दोन तास दहा मिनिटं.

शुक्रवार, रात्री ८:३५

शेजाऱ्यांचा स्कॅनर मागून खोलीत आलो. पुतण्याने पेट्या बाजूला केल्या. सात मिनिटं लागली. चौकट खाली उतरवली, टेबलावर ठेवली. सहाशेवर स्कॅन करायचा म्हणजे फोटो काचेबाहेर काढायला हवा, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

फोन माझ्या खिशात होता. चौकट टेबलावर होती. खोलीतला दिवा मालवून, दोन बाजूंनी तिरपे दोन टॉर्च धरून, चौकट भरेल इतक्या जवळून काचेवरूनच फोटो घेतला असता तर रुंदीत चार हजारांच्या आसपास पिक्सेल मिळाले असते. डॉक्युमेंट म्हणून पाठवले असते तर जोडपानावर इंचाला २४० पडले असते. पंधरा मिनिटांचं काम. हे मला रविवारी सुचलं.

शुक्रवार, रात्री ८:५२

मागचे खिळे गंजले होते. सहा काढले, दोन तुटले. पुठ्ठा निघाला. त्यावर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ होती, आडवी, दोन तृतीयांश उंचीवर. मी ती पाहिली.

शुक्रवार, रात्री ९:१०

वरचा कोपरा धरून उचलला. मागे उभ्या असलेल्या नऊ जणांपर्यंत फोटो सहज सुटला. त्याखाली अडला. पुतण्या म्हणाला, "काका, थांबा." मी थोडा जोर लावला. कापड टरकावं तसा बारीक आवाज झाला. कागद हातात आला. खालच्या भागात तो पांढरा होता, मधूनमधून करड्या पापुद्र्यांसह. बाकीचं काचेवर राहिलं होतं. एका बाजूला कान, एका बाजूला फेट्याचं टोक, लुगड्याचा काठ.

शुक्रवार, रात्री ९:१८

काचेवरचं सोडवता येईल असं वाटून मी फडकं ओलं केलं आणि काचेवर ठेवलं. दोन मिनिटांनी उचललं. थर विरघळून फडक्याला लागला. खुर्च्यांवरचे आठ आणि जमिनीवरचे पाच, तेरा जण.

पुतण्याने माझ्या हातातून फडकं घेतलं. घडी करून बाकावर ठेवलं.

शुक्रवार, रात्री ९:४०

डीटीपीवाल्याचा फोन. मी सांगितलं, फोटो मिळणार नाही.

तो थोडं थांबून म्हणाला, "मग आहे तोच लहान करू का? दहा सेंटिमीटरवर टाकला तर निभावेल. बाजूला मंडळाचा इतिहास घेऊ. प्लेट मी करून देतो, वेळ आहे."

आठशे पिक्सेल दहा सेंटिमीटरवर, म्हणजे इंचाला दोनशे. पोस्टकार्डाहून लहान फोटो. चेहरा साडेतीन मिलिमीटरचा झाला असता, पण चेहरा झाला असता. ज्यांनी त्या माणसांना पाहिलं होतं त्यांना ओळखू आला असता. त्या रात्री मला मिळालेली ही शेवटची संधी, आणि माझ्या मते सगळ्यांत चांगली. हातात जेवढं आहे तेवढ्याच मापाचं छापायचं, एवढंच तो मुलगा सांगत होता.

समितीच्या बैठकीत मीच म्हटलं होतं, मधली दोन पानं पूर्ण फोटोला, कडेपर्यंत. लहान फोटो बरा दिसणार नाही असं मला वाटलं.

"राहू दे," मी म्हटलं. "मोठाच जाऊ दे."

शुक्रवार, रात्री १०:०५

मशीन सुरू झालं. त्या बाजूचे हजार ताव उतरायला वीस मिनिटं पुरली.

शनिवार, दुपारी ३:१५

गठ्ठे टेम्पोतून आले. पन्नासाचा एक, असे वीस. शाईचा वास येत होता. एक प्रत काढून मधलं पान उघडलं. पिनांच्या दोन्ही बाजूंना चौकोनी, मऊ कडांचे डाग होते. एकेक मूळ पिक्सेल कागदावर अर्ध्या मिलिमीटरचा झाला होता. हात लांब करून पाहिलं तर माणसं उभी आहेत, बसली आहेत, हे कळत होतं. जवळ आणलं की कळत नव्हतं.

पुतण्याने विचारलं, "वाटायच्या?"

वाटायच्या होत्या.

शनिवार, संध्याकाळी ६:३०

प्रकाशन वेळेवर झालं.

शनिवार, संध्याकाळी ६:५०

पुढच्या रांगेत आबा बसले होते. वय अठ्ठ्याऐंशी. पेडण्यातल्या इब्रामपूरहून त्यांना गाडी करून आणलं होतं. बावीस जणांतले आता ते एकटेच आहेत. फोटो काढला तेव्हा पंधरा वर्षांचे होते, जमिनीवर बसलेल्या पाच पोरांत मधले.

त्यांनी प्रत मांडीवर घेतली. मधलं पान आपोआप उघडलं, पिना असतात तिथे उघडतंच. बराच वेळ पाहत राहिले. मग पान डोळ्यांजवळ नेलं, परत लांब धरलं. मी त्यांच्या बाजूला बसलो होतो.

खुर्च्यांच्या रांगेतल्या एका डागावर त्यांनी बोट ठेवलं. "हो कोण रे?"

मी सांगितलं, "माझे आजोबा."

"हां," ते म्हणाले.

फोटोखाली नावं होती. ती टाइपात होती. टाइपाला पिक्सेल लागत नाहीत, त्यामुळे एकेक काना-मात्रा कोरल्यासारखी उमटली होती. आबांनी बोट नावांवर आणलं आणि हळूहळू पुढे नेलं. उभे, डावीकडून. खुर्चीवर, डावीकडून. बसलेले, डावीकडून. तिसऱ्या नावाशी थांबले. तिथून बोट वर फोटोत नेलं, सगळ्यांत खालच्या रांगेत, डाव्या कडेला. एक, दोन, तीन असं मोजलं, आणि तिथे ठेवलं.